सिकाईचे तीस दिवस आणि न सांगितलेला आकडा

माझे चुलतभाऊ अण्णा, त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असे. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावलं, कामवालीची सुट्टी, सगळा संसार त्या चौकोनांत. त्या वर्षी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली आणि चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक फुल्या दिसू लागल्या. शनिवार-रविवार सोडून रोज एक. एक फुली म्हणजे एक सिकाई. रेडिओथेरपीला महाराष्ट्रात कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक; आम्ही इंदूरचे, आमच्या तोंडात हिंदीतली सिकाईच बसली आहे. फुल्या तीस व्हायच्या होत्या. अण्णा नगर निगमात हिशेबनीस होते, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकोणिसाव्या फुलीच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तीस झाल्यावर पुढं काय रे?"

मी म्हटलं, "पुढं काय, तुम्ही बरे."

माझी नोकरी आयुर्विम्यात झाली. चौतीस वर्षांतली बरीचशी वर्षं प्रस्ताव तपासण्यात गेली, म्हणजे कुणाला किती जोखमीवर विमा द्यायचा हे ठरवण्यात. अण्णांची फाईल माझ्याच पिशवीत असायची, कारण त्यांचा एक मुलगा पुण्याला, दुसरा बंगळूरला, आणि रुग्णालयात मोबाईल नंबर दिलेला तो माझा. फुफ्फुसाचा कर्करोग, तिसरी अवस्था. त्याआधी चार महिने क्षयाच्या गोळ्यांत गेलेले. एक्स-रेवरचा डाग बघून आपल्याकडे आधी क्षयच आठवतो, आणि त्यात काही नवल नाही. या चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं होतं. दिवसाचा बहुतेक वेळ पलंगावर, न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत किंवा वहिनींचा हात. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी दोन मिनिटांत बाजूला सारला असता. तरीही मी म्हटलं, तुम्ही बरे. तीस फुल्या पुऱ्या झाल्या आणि त्यानंतर अण्णा अकरा आठवडे होते. सहा आणि अकरा, सतरा आठवडे. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त काळ रिक्षात, रुग्णालयाच्या बाकावर आणि घरी येऊन पडलेल्या ग्लानीत गेला.

डॉक्टरांनी चूक केली असं मला म्हणायचं नाही. तक्रार वेगळी आहे. सिकाई सुरू करण्यापूर्वी हा माणूस साधारण किती काळ असेल, असा प्रश्न त्या खोलीत कुणीच मोठ्यानं विचारला नाही. डॉक्टरांनी नाही, मुलांनी नाही, मीही नाही. अशुभ बोलू नये म्हणून न विचारलेला तो प्रश्न खरं तर उपचार ठरवणारा प्रश्न आहे. उत्तर आधी बांधल्याशिवाय सिकाईच्या फेऱ्या तीस की दहा की दोन हे ठरतच नाही. आणि ते उत्तर ज्याच्या आयुष्याचं आहे, त्याच्यापासून ते लपवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हेही मला कळेनासं झालं आहे.

आता "किती काळ" हा अंदाज म्हणजे काय, ते आधी नीट सांगतो, कारण त्याबद्दल घोळ फार. लोक मला विचारत, साहेब, तुमच्या तक्त्यात माझं मरण लिहिलेलं असेल ना? तक्त्यात कुणाचंच मरण लिहिलेलं नसतं. सत्तर वर्षांच्या एक लाख माणसांपैकी वर्षभरात किती जातील, एवढंच तो सांगतो, आणि ते बऱ्यापैकी बरोबर सांगतो. त्या लाखात तुम्ही कुठे, हे त्याला माहीत नाही. डॉक्टर जेव्हा "सहा महिने" म्हणतात, तेव्हा तो बहुधा मध्यक असतो: तुमच्यासारख्या रुग्णांना रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस जिथं असेल तो आकडा. निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतर. ऐकणारा मात्र तो तारीख म्हणून ऐकतो. मग माणूस आठ महिने जगला की डॉक्टर खोटे ठरतात आणि चारच महिन्यांत गेला की घरचे स्वतःला दोष देतात.

ऑस्ट्रेलियातल्या कर्करोगतज्ज्ञांनी यावर एक सोपी रीत सुचवली आहे, मला ती विमेवाल्याच्या नजरेनंही पटते. एक आकडा सांगूच नका. मध्यक सहा महिने असेल तर म्हणा: अशा रुग्णांपैकी निम्मे तीन ते बारा महिने जगतात, म्हणजे अंदाजाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत. दहातला एखादा तिपटीपलीकडे, दीड वर्षाच्या पुढे जातो. आणि दहातला एखादा फार लवकर जातो, दीड महिन्याच्या आतच. या तीन वाक्यांत आशाही आहे आणि धोक्याची सूचनाही. मुख्य म्हणजे त्यात कुणी खोटं बोललेलं नाही.

आता हा मध्यक ठरवायचा कशावरून? इथं मला आपल्या समाजाशी भांडायचं आहे, कारण आपण तो आधार कार्डावरून ठरवतो. "अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, आता काय करायचं," हे वाक्य मी बैठकीच्या खोल्यांत ऐकलं आहे आणि दवाखान्यांतही. वय हे आकड्यांतलं सगळ्यात आळशी माप आहे. कर्करोगतज्ज्ञ त्यापेक्षा ज्याला जास्त वजन देतात, ती इकॉग नावाची साधी श्रेणी आहे. शून्य ते पाच. शून्य म्हणजे पूर्वीसारखाच ठणठणीत. एक म्हणजे जड कामं जमत नाहीत, हलकी जमतात. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, कामधंदा नाही, पण जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-फिरून. तीन म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत. चार म्हणजे अंथरुणाला खिळलेला. पाच म्हणजे मृत. ही श्रेणी ठरवायला ना यंत्र लागतं ना रक्त काढावं लागतं. घरातल्या माणसाला दोन प्रश्न विचारले की झालं. अण्णा तीनमध्ये होते. हे वहिनींना रुग्णालयापेक्षा आधी माहीत होतं, फक्त त्याला आकडा असतो हे माहीत नव्हतं.

त्याच्या जोडीला सहा महिन्यांत किती वजन उतरलं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती, हृदय-मूत्रपिंड-साखर यांचं काय, फुंकर मारायच्या तपासणीत फुफ्फुसाची ताकद किती उरली, आणि अर्थात रोगाची अवस्था कुठली. वृद्धांसाठी जी-आठ नावाची आठ प्रश्नांची चाळणी आहे. तीत भूक, वजन, चालणं-फिरणं, रोजच्या गोळ्या किती, अशा गोष्टी येतात. पाच-दहा मिनिटांचं काम. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, हेही पुष्कळ सांगून जातं. हे सगळे नुसते म्हाताऱ्यांचे लाड नाहीत. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ७१८ कर्करोगी रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्या डॉक्टरांना उपचारापूर्वी रुग्णाच्या अशा सर्वांगीण तपासणीचा अहवाल दिला होता, त्यांच्या रुग्णांत गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ वर आले आणि जगण्याचं प्रमाण घटलं नाही. ती चाचणी औषधोपचारांची होती, सिकाईची नव्हे. पण म्हाताऱ्या माणसाकडे आधी नीट बघा, हा तिचा अर्थ सिकाईच्या खोलीतही तसाच लागू आहे.

वयाची चाळणी दुसऱ्या बाजूनंही घात करते. लोकमान्य नगरातल्या आमच्या ओळखीच्या एक आजी एकोणऐंशीच्या होत्या तेव्हा दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात लहानशी गाठ दिसली. हृदय कमकुवत, शस्त्रक्रिया झेपणार नाही. एका ठिकाणी सांगितलं, या वयात कशाला छळता. सून हट्टी निघाली, दुसऱ्या गावी घेऊन गेली, तिथं नेमक्या जागी मोठी मात्रा देणारी एसबीआरटी पाच फेऱ्यांत झाली. परवा सराफ्यात भेटल्या, भुट्ट्याचा कीस खात होत्या, मला म्हणाल्या तिखट कमी आहे. एका माणसावरून नियम करू नये हे मला कळतं, तोच माझा धंदा होता. म्हणून आकडाही देतो: शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या, सुरुवातीच्या अवस्थेतल्या ५५ रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांचं मध्यक वय बहात्तर. तीनच फेऱ्या. तीन वर्षांनी निम्म्याहून जास्त, ५५.८ टक्के, हयात होते, आणि जिथं सिकाई दिली ती मूळ गाठ जवळजवळ कुणाचीच परत वाढली नव्हती. बिचारी हृदयं आणि फुफ्फुसं आधीच थकलेली माणसं होती ती. अशांना "वय झालं" म्हणून परत पाठवणं हा अंदाज नव्हे, तो कंटाळा आहे.

तिसऱ्या अवस्थेतही तेच. जपानमध्ये सत्तरीपुढच्या २०० रुग्णांत तुलना झाली: नुसती सिकाई, आणि सिकाईबरोबर रोज थोडं कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध. तीस दिवस, साठ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) मात्रा दोन्हीकडे. नुसत्या सिकाईत मध्यक १६.९ महिने, औषधासह २२.४. म्हणजे हिंडत्या-फिरत्या पंचाहत्तरीच्या माणसाला तीस फुल्या घालायला लावणं सार्थ आहे. साडेपाच महिने जास्त, म्हातारपणात ती एक दिवाळी असते.

पण अण्णा त्या दोनशेंतले नव्हते. त्यांच्यासारख्यांसाठी वेगळे अभ्यास आहेत आणि ते जुने आहेत, तरी फारसे कुणाला ठाऊक नाहीत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९९१ मध्ये दाखवलं की खोकला, रक्त पडणं, छातीत दुखणं यांना आराम देण्यासाठी आठवड्याच्या अंतरानं दिलेल्या दोनच मोठ्या फेऱ्या दहा फेऱ्यांइतक्याच कामाच्या आहेत. पाच वर्षांनी त्यांनीच दुसरी चाचणी केली, या वेळी तब्येत बरी असलेल्या रुग्णांत: दोन फेऱ्या की तेरा? तेरावाले मध्यकानं नऊ महिने जगले, दोनवाले सात. आराम मात्र दोनवाल्यांना लवकर पडला. या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की सगळा वाद उघडा होतो. अंगात ताकद असेल तर जास्त फेऱ्या दोन महिने कमावून देतात. नसेल तर त्या फेऱ्या दिवस खातात आणि परत काही देत नाहीत. तुम्ही कुठल्या गटात, हे ठरवणं म्हणजेच अंदाज. तो न करता सगळ्यांना तीस लिहून देणं म्हणजे मापं न घेता सगळ्यांना एकच सदरा शिवणं.

तीस फेऱ्या म्हणजे प्रत्यक्षात काय, हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यंत्राखाली माणूस दहा-पंधरा मिनिटं. पण रामबागेतून निघायचं साडेआठला. छातीवर काढलेल्या जांभळ्या शाईच्या खुणा पुसू नयेत म्हणून आंघोळ अर्धीच. तो शाईचा डाग सगळ्या बनियनांना लागलेला. रिक्षावाला ठरलेला होता, भला पोरगा. पहिल्या दिवशी म्हणाला, "भिया, गड्ढे बचा के ले चलूंगा," आणि खरंच सांभाळून न्यायचा. यंत्र बंद असेल तर दोन-दोन तास बाकावर. तिसऱ्या आठवड्यापासून अन्ननलिका सोलवटली, पाणी गिळतानाही डोळे मिटायचे. अण्णांना पोहे प्राणप्रिय. ते वहिनी दुधात कालवून मऊ करून द्यायच्या आणि ते दोन चमचे खाऊन ताटली सरकवायचे. या माणसाला महेश्वरला जायचं होतं. घाटावर दोन दिवस बसायचं, एवढंच. इंदूरहून दोन-अडीच तासांची वाट. आम्ही म्हणत होतो, सिकाई संपू दे, मग जाऊ.

डॉक्टरांना अंदाज कळत नाही का? कळतो, पण तो गोड होऊन बाहेर पडतो. शिकागोच्या परिसरात आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं होतं, हा माणूस किती जगेल? अभ्यास २००० सालचा. पाचांपैकी एकाच रुग्णाचा अंदाज बरोबर निघाला. बहुतेक, ६३ टक्के, आशेच्या बाजूनं चुकले, आणि सरासरीनं पाहिलं तर डॉक्टर प्रत्यक्षाच्या पाचपटीहून जास्त काळ सांगत होते. त्यात एक बारकावा मला विसरता येत नाही: डॉक्टर आणि रुग्ण यांची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकीचा. ओळख झाली की मन नकार देतं. मी तर चुलतभाऊ होतो.

मग यंत्राला विचारा, असं हल्ली पोरं म्हणतात. वय, अवस्था, गाठीचा आकार, सिकाई झाली की नाही, भरा आणि मोबाईलवर एक वर्षाची, तीन वर्षांची टक्केवारी बघा. अशा गणकांना नोमोग्राम म्हणतात आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या वृद्ध रुग्णांसाठी ते ढिगानं निघतात. मी काही बघितले. त्यांतले पुष्कळ अमेरिकेच्या सिअर या राष्ट्रीय नोंदणीवर बांधलेले असतात. नोंदणी उत्तम, १९७३ पासूनची. पण तिच्यात इकॉग श्रेणी नाही. वजन किती उतरलं ते नाही. मधुमेह, हृदयविकार नाही. सिकाईची मात्रा नाही. म्हणजे वर ज्या गोष्टी मी महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या त्याच नेमक्या गायब. उरतं काय, तर वय आणि अवस्था. मग गणक वयालाच जोर देतो, कारण त्याला दुसरं काही दिसतच नाही. त्यांच्या अचूकतेचं माप अर्ध्यावर असेल तर नाणं उडवल्यासारखं, एक असेल तर सर्वज्ञ. हे बहुधा ०.७ च्या आसपास घुटमळतात. गटासाठी वाईट नाही. पलंगावरच्या एका माणसासाठी अपुरं.

शिवाय रुग्ण तिथले. अमेरिकेत हा रोग होणाऱ्यांचं मध्यक वय सत्तरच्या घरात आहे, आपल्याकडे माणसं त्यापेक्षा दहाएक वर्षं आधी सापडतात. आपल्याकडे क्षयाच्या गोळ्यांत गेलेले महिने आहेत. आपल्याकडे अ‍ॅडेनो प्रकारच्या कर्करोगात ईजीएफआर हा जनुकातला बदल पाश्चात्त्यांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि त्यावर रोजची एक गोळी आहे, जिनं चौथ्या अवस्थेतल्या माणसाचंही गणित पालटतं. जुन्या नोंदींवर बांधलेल्या गणकाला ती गोळी माहीतच नाही. परदेशी तक्ता आणून इथं विमा विकला असता तर आमच्या कंपनीचं दिवाळं वाजलं असतं. म्हणून आपल्याकडे भारतीय विमेदारांचे वेगळे मृत्यूतक्ते आहेत, दर काही वर्षांनी नवे. विम्यासाठी आपण एवढं केलं. रुग्णांसाठी केलं नाही.

इथं सरकारी पैशाचा मुद्दा येतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजना सत्तरीपुढच्या सगळ्यांना खुली झाली, उत्पन्न कितीही असो. वय वंदना कार्ड, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आमच्या रामबागेतल्या अर्ध्या आळीकडे ते कार्ड आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पूर्वी म्हातारा आजारी पडला की घरात आधी पासबुक निघायचं. पण पैसा अडत नाही म्हटलं की "होऊ दे तीस" हे वाक्य सोपं होतं. आणि उद्या तिजोरीला ओढ लागली की "पंचाहत्तरीपुढे नको" हे वाक्यही तितकंच सोपं होईल. दोन्ही वाक्यं एकाच आळसातून येतात. योजनेनं एवढंच करावं: सत्तरीपुढच्या रुग्णाच्या सिकाईला मंजुरी देताना इकॉग श्रेणी, सहा महिन्यांतलं वजन आणि जी-आठचे गुण फॉर्मवर मागावेत, आणि उपचार कशासाठी ते स्पष्ट लिहायला लावावं: बरं करण्यासाठी की आरामासाठी. नकार देण्यासाठी हे रकाने नकोत. लिहावं लागलं की विचार करावा लागतो, एवढ्यासाठी. प्रस्तावाचे फॉर्म मी वर्षानुवर्षं बघितले. रिकामा रकाना माणसाला किती प्रश्न विचारायला लावतो ते मला माहीत आहे.

राहता राहिला सांगण्याचा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड. पुण्याहून आलेला अण्णांचा मुलगा पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर मला म्हणाला, "काका, बाबांना काही सांगायचं नाही. ते खचतील." डॉक्टरांनीही मान डोलावली. या देशात डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या, यावर एक कलम आहे. त्याचा आशय असा की डॉक्टरनं रुग्णाच्या स्थितीचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना पुरेशी कल्पना द्यावी. सगळं घोडं त्या "किंवा"त अडलं आहे. मुलाला सांगितलं की कलम पाळलं गेलं. ज्याच्या छातीवर शाई आहे तो त्या वाक्यात पर्याय म्हणून उरतो. हा "किंवा" काढून "आधी रुग्णाला, त्याची इच्छा असेल तितकं" असं लिहायला हवं.

मुलांची बाजू मला समजते. खरं ऐकून हाय खाल्लेली माणसं प्रत्येक घराण्यात एखादी असते, त्यांच्या गोष्टी आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो. ज्यांना खरं सांगितलं आणि ज्यांनी मग शांतपणे बँकेत नॉमिनी बदलला, धाकट्या भावाशी अबोला सोडला, त्यांच्या गोष्टी होत नाहीत. बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासूनच वेदनाशामक पथकाची साथ दिली, आजाराबद्दल मोकळं बोलणं हा तिचा भाग होता. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, शेवटी-शेवटी त्यांच्यावर जबर उपचारांचा मारा कमी झाला, आणि मध्यक आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने भरलं. एवढ्याशा अभ्यासावरून सत्य सांगितलं की आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही, पुढच्या अभ्यासांत ते सगळीकडे तसं दिसलंही नाही. पण सत्यानं माणूस मरतो, हा जो आपला पक्का समज आहे, त्याला त्या १५१ जणांत काहीच आधार सापडत नाही.

आणि ज्याला ऐकायचं नाही त्याला सांगू नये, हेही खरंच. पण ते त्याला विचारून ठरवावं. "नाना, तुमच्या आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" एवढं एक वाक्य. अण्णांना हे विचारलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जो माणूस दुधाचे खाडे लिहून ठेवतो, त्याला स्वतःचा हिशेब नको असतो का? एकोणिसाव्या दिवशी त्यांनी विचारलंच होतं, फक्त सरळ नाही. मी "बरे" म्हणाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल कानामागे खोवली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. त्यांना कळलं होतं, असं मला आता वाटतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, ते मला सोडवायला.

शेवटची गोष्ट नोंदीची. माणूस किती जगला हे कुणी विचारलंच नाही, तर पुढच्याचा अंदाज बांधायचा कशावर? मध्य प्रदेशात कर्करोगाची जुनी, लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी भोपाळची आहे, वायुकांडानंतरची. देशात डॉक्टरांनी कारणासह प्रमाणित केलेले मृत्यू नोंदल्या गेलेल्यांत पाचव्या हिश्शाच्या आसपासच. रुग्णालयाला एवढंच कळतं की रुग्ण पुन्हा आला नाही. जगण्याचा आलेख काढायची जी रीत १९५८ पासून रूढ आहे, तीत असा रुग्ण शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत धरतात आणि नंतर हिशेबातून हळूच बाजूला काढतात. न येणारे बहुतेक घरीच गेलेले असतील, तर आलेख खऱ्यापेक्षा देखणा दिसतो. मग तो देखणा आलेख पुढच्या अण्णांना तीस लिहून देतो. यावर उपाय एका कारकुनाचा आणि एका फोनचा आहे. सिकाई संपल्यावर तीन महिन्यांनी आणि वर्षानं घरी फोन: आहेत का, कसे आहेत. इंदूरमधल्या सगळ्या सिकाई केंद्रांनी पाच वर्षं एवढं केलं तर माळव्यातल्या म्हाताऱ्यांचा आमच्या मातीतला तक्ता तयार होईल, इकॉग-वजनासकट. आम्ही विमेवाले दावा आल्याशिवाय राहत नाही म्हणून आम्हाला मृत्यू कळतो. रुग्णालयाकडे दावा करायला कुणी जात नाही.

अण्णा गेल्यावर सात महिन्यांनी माझ्या मोबाईलवर हिंदीत संदेश आला. आपल्या रुग्णाच्या पुढील तपासणीची तारीख उलटून गेली आहे, कृपया लवकर यावे. खाली अण्णांचा नोंदणी क्रमांक. मी बराच वेळ शब्द जुळवले, हिंदीतच, तारीखही घातली, आणि पाठवलं. लगेच फोन थरथरला. या क्रमांकावर उत्तर स्वीकारलं जात नाही, असं त्यात लिहिलं होतं.